पाहुण्यांनी फोन लावला की मोटार चालू

आमच्या घरात काहीही बिघडलं की ते मी दुरुस्त करतो, असा पिंपळवंडीत समज आहे. मी दुरुस्त काही करत नाही, मी फक्त विचारतो. (आळेफाट्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात कॉम्प्युटर असलेला माणूस अडाणी कसा असेल, असं लोकांना वाटतं.)

विचारायची माझी जागा ठरलेली होती. मदतीची एक वेबसाइट. तिथं आपण आपली अडचण लिहायची आणि कुठल्या कुठल्या गावच्या न पाहिलेल्या माणसांनी आपल्याला झापायचं. "हे आधी विचारून झालंय, जरा शोधा की." "वायर लावलीय का?" एक गृहस्थ तर कशालाही आधी हेच विचारायचे, "बिघडायच्या आधी तुम्ही काय उचकटलंत?" अपमान व्हायचा, पण प्रिंटर चालू व्हायचा. आता ती माणसं तिथं फिरकत नाहीत. वेबसाइट उघडली की एक चौकोन येतो, त्यात मशीनच उत्तर देतं, आणि ते इतकं गोड बोलतं की आपण नवे जावई असल्यासारखं वाटतं.

त्या गोडव्यानं माझ्या भाचीचं लग्न मोडत आणलं होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, आंबेगावच्या डोंगरात दिलेली. तिकडं गाडी नेणं म्हणजे पाहुण्यांची परीक्षाच, म्हणून तिच्या पूजाला बघायचा कार्यक्रम आमच्या मळ्यात ठेवला. स्थळ निमगाव साव्याचं. पूजानं तोवर एकूणएक स्थळाला नाही म्हटलेलं. ह्या निलेशचा फोटो बघून मात्र म्हणाली, "बघू." तेवढ्या एका शब्दावर अक्कानं नारळ फोडला आणि मला बजावलं, "बाळ्या, ह्या टायमाला काय घोळ घालू नको."

सकाळी बघतो तर घरात पाण्याचा थेंब नाही. विहिरीवरची मोटार सुरूच होईना. आमच्या भागात बिबट्याच्या भीतीनं, रात्री विहिरीवर जायला नको म्हणून, घरोघर मोबाईल स्टार्टर बसलेत. स्टार्टरच्या पेटीत एक सिम असतं, त्या नंबरावर कुणीही फोन केला की मोटार चालू होते, पुन्हा केला की बंद होते, आणि आतली रेकॉर्ड केलेली बाई तसं सांगते. त्या दिवशी बाई बोलेना.

"वायरमनला बोलवा," माझी बायको मंगल म्हणाली.

"वायरमन कशाला?" (हे वाक्य म्हटल्यानंतर आमच्याकडं आजवर चांगलं काही घडलेलं नाही.)

मंगलचा फोन घेऊन मी विहिरीवर गेलो आणि चौकोनाला विचारलं. "फारच सुंदर प्रश्न!" चौकोन म्हणाला. आयुष्यात माझ्या प्रश्नाला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. मी विरघळलोच. त्यानं सांगितलं, स्टार्टर रिसेट करा. केला. मग म्हणाला, दुसरं चालू सिम टाकून बघा. मी माझ्या फोनातलं सिम काढून पेटीत टाकलं, मंगलच्या फोनवरून माझाच नंबर लावला आणि बाई बोलली, "मोटर चालू झाली आहे." अंगणातला ड्रम भरला. मोटार बंद केली. "अभिनंदन! तुम्ही हे उत्तम हाताळलंत," चौकोन म्हणाला. आता तुमचं सिम तेवढं काढून घ्या, असं काही तो म्हणाला नाही. मग मीही काढलं नाही.

पांढरा शर्ट घालून फोन हातात धरून मी ओट्यावर बसलो. मळ्याकडं कुठं वळायचं ते विचारायला पाहुणे मला फोन करणार होते. फोन काही वाजेना. मी अक्काला म्हणालो, "माणसं हुशार दिसतात. रस्ता न विचारता येतायत."

तेवढ्यात ड्रममधला पाइप फणा काढून उठला आणि सतरंजीवर पाणी. मी विहिरीकडं पळालो. निम्म्या वाटेत असतानाच पाणी थांबलं. परत येऊन म्हणालो, "केली बंद." म्हणतोय तोवर पुन्हा सुरू. पुन्हा पळालो, पुन्हा थांबलं. शेवटी मंगलच्या फोनवरून चौकोनाला विचारलं, मोटार आपोआप चालू-बंद का होते? "किती बारकाईनं पाहिलंत!" तो म्हणाला. कमी दाब असेल, ओल असेल, उंदीर असेल. उंदरावर आमचं दोघांचं एकमत झालं आणि मी काठी शोधायला लागलो.

पाहुणे आले ते मला काठीसकट भेटले. निलेशचे वडील, आण्णा, गाडीतून उतरले तेच तापलेले.

"पावणं, तुमच्या फोनवर ती बाई कोण हाय?"

मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बाई?" मी म्हणालो.

"मी म्हनलं, ताई, आमी निमगाव साव्याचं पावणं, मळ्याचा रस्ता कुठला? तर म्हनती मोटर चालू झाली. परत लावला तर म्हनती बंद झाली. आवो, आमी रस्ता इचारतोय!"

"तसं कुणी नाही हो आमच्याकडं."

"न्हाई? आत्ता लावतो, ऐका."

त्यांनी स्पीकर लावला. "मोटर चालू झाली आहे," बाई म्हणाली, आणि पाइपानं आण्णांना टोपीपासून धोतरापर्यंत धुऊन काढलं.

"निल्या, गाडी वळव," आण्णा म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, तेवढीच एक कोरडी जागा अंगणात राहिली. तेवढ्यात पूजा बाहेर आली. हातात पोह्यांचा ट्रे नाही, फोन. पदर खोचून तिनं माझा नंबर लावला. पाणी थांबलं.

"मामा, तुमच्या फोनातलं सिम कुठाय?"

चौकोनानं सकाळपासून एकदाही न विचारलेला प्रश्न. मी विहिरीकडं बोट केलं.

निलेश असा हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. "बाबा, पाच मिनटं थांबा," तो म्हणाला, आणि पूजाला विचारलं, "येऊ का संगं? सिम काढायला?"

सिम काढायला नख पुरतं. ह्या दोघांना मात्र इतका वेळ लागला की आण्णांनी तोवर माझा लेंगा घालून दोन ताटल्या पोहे खाल्ले. परत आल्यावर पूजा अक्काच्या कानात म्हणाली, "चालेल." अक्का रडली. मलाही भरून आलं, पण माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

लग्न झोकात झालं. मांडवात गुरुजी माईकवर म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी जरा शर्ट नीट करत होतो, तोवर वरपक्षाकडून आण्णांचा आवाज आला, "गुरुजी, ते असं न्हाई यायचे. त्यांना फोन लावावा लागतो." आणि त्यांनी खरंच लावला. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. माझ्या खिशात फोन वाजला आणि मी, खोटं कशाला सांगू, उठून चालायला लागलो.