राधाबाईची चूल वैशाली नगरात

गिरजाबाई थकली होती, पण हे तिनं कोणाले सांगितलं नव्हतं. सांगितल्यानं गुडघे हलके होत नाहीत. भिलाईच्या वैशाली नगरातल्या पोराच्या घरी ती पलंगावर बसून तेल चोळत होती आणि पाळी जवळ येऊन राहिली होती.

पाळी म्हणजे धरणावरची. तिचं गाव नांदीखेडा, वैनगंगेच्या काठचं, धरणाच्या पाण्यात गेलं त्याले बरीच वर्षं झाली. बुडायच्या आधी लोकं लढले. रस्ता अडवला, छातीभर पाण्यात उभे राहिले, पोलिसांच्या गाडीत कोंबले गेले, सुटून आले, पुन्हा उभे राहिले. धरण झालंच, पाणी भरलंच. नवं गाव एका मुरमाड टेकडीवर बसवलं. तिथल्या विहिरीले पाणी नाही, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ म्हणणारे साहेब बदलून गेले. म्हणून आंदोलन संपलं नाही. धरणाच्या भिंतीशी ताडपत्रीचा एक मंडप, अन त्यात दर घरामागे एक माणूस, पाळीपाळीनं.

गाव सोडतानी घराघरानं आपल्या चुलीचे तीन गोटे उपटून आणले होते. ते मंडपामागं, भिंतीपासून एका ओळीत मांडले. ज्याची पाळी त्यानं आपल्याच चुलीवर आपलं शिजवायचं. ज्याले आंदोलन सोडायचं त्यानं येऊन आपले गोटे उचलायचे, आणि पाहणाऱ्यानं कावून म्हणून, का सोडतो म्हणून विचारायचं नाही. कमिटीच्या दयारामबाबानं हा नियम घातला. विचारलं का भांडण, अन आपलं भांडण झालं का सरकारले बसल्या जागी मजा, असं त्याचं म्हणणं. पहिले ही ओळ पार नाल्यापर्यंत जात होती. आता उभं राहिलं का एका नजरेत संपे.

गिरजाबाईच्या चुलीले लागून राधाबाईची चूल. गावात हा शेजार नव्हता. गिरजाबाईचं घर बौद्धांच्या मोहल्ल्यात, पार उताराले, जिथं पाणी सगळ्यात आधी शिरलं. राधाबाई पाटलाच्या गल्लीतली. त्या गल्लीतल्या एकाही घराची चूल गिरजाबाईनं कधी पाहिली नव्हती. अंगणाच्या आत कोणी बोलावलंच नाही त पाहणार कुठून. आता त्याच चुलीतला इंगळ चिमट्यानं उचलून ती आपल्या चुलीत टाके. शेजार धरणानं जुळवला. राधाबाई विधवा, एकटी, जिभेची तिखट. गिरजाबाईच्या चहाले भांडे धुतलेलं पाणी म्हणे, आणि कप रिकामा करून पुन्हा पुढं करे.

मागच्या पाळीहून येतानी गिरजाबाई भंडाऱ्याच्या फलाटावर बसली ते तिले उठताच येईना. गाडी आली तशी एका अनोळखी पोरीनं बगलेत हात घालून तिले डब्यात चढवलं. ते तिनं घरी सांगितलं नाही. पण त्या दिवशी रात्रीचं जेवण चाललं असतानी तिनं पोराले म्हटलं, "राजदीप, तेवढे आपले गोटे घेऊन ये बाबू. माह्यानं आता होत नाही."

राजदीपचा घास हातात राहिला. तो रेल्वेत ट्रॅकमन, दुर्गच्या गँगमध्ये. लहानपणीच तो भिलाईले मामाकडे शिकायले आला. मामा प्लांटात होता. गाव बुडालं तेव्हा तो इथं परीक्षा देत होता. माय, सोड आता ते, हे तोच तिले इतकी वर्षं सांगत आला होता. सून ममतानं हळूच विचारलं, आई, पक्कं ना? पक्कं, गिरजाबाई म्हणाली, आणि चूल कोणती ते समजावून सांगितलं. भिंतीकडून तिसरी.

राजदीप आपल्या रेस्टच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेला आणि संध्याकाळी परत आला. खांद्यावरचं पोतं त्यानं ओसरीत टेकवलं. गिरजाबाईनं वाकून पोत्यात हात घातला. गोटे गुळगुळीत लागले. तिचे गोटे वावरातले होते, काळे, खडबडीत. हे नदीतले होते.

"हे आपले नव्हेत," ती म्हणाली.

"भिंतीकडून तिसरी म्हटलं होतं तू."

तेव्हा तिले उमगलं. मधल्या काळात भिंतीकडचं कोणीतरी उठून गेलं होतं. ओळ एका चुलीनं सरकली, आणि तिसरी झाली राधाबाईची. ती तिथंच खाली बसली. तिनं विचारलं, तिथं कोणी होतं का. राजदीप म्हणाला, दयारामबाबा झोपले होते. एक बारीकशी बुढी बाजेवर बसून होती, नाकात खडा, पाहून राहिली होती, अडवलं नाही तिनं. उलट पोत्याचं तोंड तिनंच धरलं. म्हणे, हळू, बोट चेंगरन.

गिरजाबाईनं ममताले फोन लावायले सांगितला. माफी कशी मागायची ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं.

"राधाबाई, पोरगं चुकलं व. तुहे गोटे घेऊन आलं."

"माहीत आहे मले. पोतं मीच धरलं."

"मंग बोलली कावून नाही?"

विचारून बसली आणि तिनं जीभ चावली. इतक्या वर्षांत ओळीतल्या कोणालेच तिनं हे विचारलं नव्हतं.

"माह्यानं उचलल्या जात नव्हते, गिरजे," राधाबाई म्हणाली. "हाताची गोष्ट नाही. लाज वाटे. तुह्या पोरानं उचलले त मी म्हटलं, जाऊ दे, चूक त्याची, सुटली मी."

"धाडून देतो मी ते."

"धाडू नको. धाडशीन त मले पुन्हा बसा लागन."

मग तिनं आपणहून सांगितलं का दुपारचा चहा गिरजाबाईच्या चुलीवर केला. जाळ बरा धरते तुही चूल, म्हणे. अन चहाही चहासारखा झाला. गिरजाबाईले हसू आलं नाही, पण राग येईन म्हणून वाट पाहिली त तोही आला नाही.

राजदीप म्हणाला, पुढच्या रेस्टले पुन्हा जातो, आपलेवाले आणतो. गिरजाबाईनं विचार केला. एकाच महिन्यात दोन शेजारच्या चुली उठल्या त दयारामबाबा काय म्हणन? काहीच म्हणणार नाही. नियमच त्याचा. नुसता त्या मोकळ्या जागेकडे पाहीन आणि तंबाखू मळन. ते तिच्या डोळ्यापुढं आलं आणि तिनं मान हलवली.

"राहू दे," ती म्हणाली. "या पाळीले जातो मी."

"अन गुडघे?"

"ते काय इथं ठेवून जाणार आहो मी?"

राधाबाईचे गोटे ओसरीतच राहिले. ममताले पाण्याचा ड्रम उंचावर पाहिजेच होता. तिनं तीन गोटे मांडून त्यावर तो ठेवला. नळ गळे, थेंब गोट्यावर पडे, आणि जुनी काजळी जराजरा करून धुतली जात होती. गिरजाबाई जाता-येता पाहे. एक दिवस तिनं ममताले सांगितलं का नळाचा वायसर बदलून घे, पण ते तसंच राहिलं.

पाळीच्या दिवशी राजदीपनं तिले गाडीवरून दुर्ग स्टेशनले सोडलं, हात धरून डब्यात बसवलं, पाण्याची बाटली दिली. थैलीत कणीक होती, तिखट होतं, चहापत्ती होती. चहापत्ती जरा जास्तच घेतली होती, कारण राधाबाईनं काल फोन करून कळवलं होतं का पाळी नसली म्हणून मी तुह्या चहाले येणं बंद करतो असं समजू नको.

गाडी हलली. गिरजाबाईनं पाय सीटवर घेतले आणि गुडघे दाबत बसली. मंडपात पोहोचल्यावर आधी एक पाहा लागन, तिच्या मनात आलं: आपली चूल भिंतीकडून कितवी उरली आहे.