महादूचं पाचवं पोर

माझ्या पप्पांच्या कपाळाला टाके पडलेत, ते आक्काने पाडले. ऐंशीच्या घरातली बाई ती, अंगावर मूठभर मांस नाही, आणि गळ्यात सोन्याचा गोफ घालून फिरणाऱ्या आपल्या भाच्याला तिने भर शेतात लोळवला. गावात म्हणतात, म्हातारी फिरली. फिरली तुमची डोकी! मी उन्नती, ज्याचं कपाळ फुटलं त्याचीच मुलगी. मी तिथे होते, तेव्हा सांगणार ते मीच.

आक्का म्हणजे पप्पांची सख्खी आत्या, माझ्या रामनाथ आजोबांची मोठी बहीण. तिला खारबावला दिली होती. नवरा सावळाराम दारू पिऊन मारायचा. एकदा त्याने तिच्या पाठीत होडीचं वल्हं घातलं, ते मोडलं. तिने मोडका तुकडा उचलून त्याच्याच तंगड्यांवर हाणला आणि तशीच चालत दापोड्याला माहेरी आली. परत गेलीच नाही. पोरबाळ नव्हतं. जन्मभर भावाच्या शेतात राबली आणि मला तर तिनेच वाढवली. तोंड असं, की गावचा सरपंचसुद्धा तिच्या दारावरून जाताना चपला हातात घेईल.

आता दापोड्यात शेत राहिलंय कुठे? चहूकडे गोदामं, आणि रस्ताभर ट्रेलर. आमची शेवटची खाचरंही पप्पांनी गोदामवाल्याला द्यायची ठरवली. आक्काने त्याला ना केली नाही. पण खाडीकडच्या बांधावर, करंजाखाली, पाच दगड आहेत. तिथे तिच्या आईची, पुतळाबाईची, पोरं पुरलेली. दात न आलेलं पोर आपण जाळत नाही, मातीत ठेवतो. नवं भात आलं की आक्का पहिली मूठ त्या दगडांपाशी नेऊन ठेवायची.

"केसरी, तेवढा बांध सोड," ती पप्पांना बोलली. "बाकी समदं ईक, मना काय बी नको."

पप्पांनी ऐकलं नाही. मग तिने तलाठ्याकडे हरकत घेतली, की मी महादूची मुलगी, माझाही ह्या जमिनीत वाटा हाय, बांधाला हात लावायचा न्हाय. व्यवहार अडला. पप्पा घरात ताटं आपटू लागले. "पोरं पुरली, पोरं पुरली! कुणी बघितलीत? कागद हाय काय? कागद दाखव!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, कागद पाहिजे ना? आणते. गेले तालुक्याला. जन्म-मृत्यूची जुनी दप्तरं काढायला लावली. सगळं मोडीत, मग मोडी वाचणारा एक म्हातारा गाठला. तो बोट फिरवत वाचत गेला. महादूचा मुलगा, नऊ दिवस, आकडी. महादूची मुलगी, अकरा दिवस, आकडी. परत मुलगा. परत मुलगा. एकालाही नाव नाही. बारसं होईपर्यंत जगलंच नाही एकही! सुईण विळ्याने नाळ कापायची, त्याच विळ्याने गवतही कापायची, धनुर्वात होणारच. मला तिथेच रडू फुटलं आणि कुणाला तरी धरून बडवावंसं वाटलं. बडवणार कुणाला? सगळे केव्हाच मेलेले.

पाचवीही नोंद होती. महादूची मुलगी, तेरा दिवस, आकडी. मी नकला घेतल्या आणि घरी आले.

ओटीवर बसून आक्काला वाचून दाखवलं. चौघांचं ती पदर तोंडात धरून ऐकत होती. पाचवी वाचली आणि ती खदखदून हसली.

"अगं, ती मीच!"

मग तिने सांगितलं. पहिलं पोर गेलं तेव्हा सासूने पुतळाबाईला 'पोरंखाऊ' म्हणून चुलीतल्या कोलतीने डागलं. दुसरं गेलं, परत डागलं. तिसऱ्याला महादूने स्वतः बायकोला झोडपली. चौथं गेलं तेव्हा सासूने तिचे केस धरून तिला खाडीपर्यंत फरफटत नेली. बुडवणारच होती, कोळ्यांनी सोडवली. पाचव्या खेपेला आक्का झाली. तेव्हा महादूने मरणालाच फसवायचं ठरवलं. बाराव्याचं बारसं केलं नाही. तेराव्या दिवशी सगळ्यांनी गळे काढले. कुंचीत वरवंटा गुंडाळला, चौघांच्या शेजारी पुरला, वर दगड ठेवला आणि कोतवालाकडे जाऊन पोर मेल्याची वर्दी दिली. आणि पोर? पोर सुपात घालून भिवंडीत ओळखीच्या नूरीबीच्या घरी, मूठभर कोंड्याला विकलेलं! सटवाई मुसलमानाच्या दारात कशाला शोधायला येते? नूरीबीने तिला आपल्या पोराबरोबर पाजली. दात आले तेव्हा ती घरी आली, बारसं तेव्हाही झालं नाही, आक्का हेच नाव राहिलं.

"मग नोंद दुरुस्त नाही केली?" मी विचारलं.

"खुळी काय तू? मेलेलं पोर जित्तं लिवलं तर मरणाला परत वाट घावंल ना! बापाने मरेपर्यंत लिवू दिलं न्हाय."

आत झोपाळ्यावर पप्पा पडले होते. झोपलेत असं आम्हाला वाटलं. कसले झोपतायत! उठून आले आणि माझ्या हातातला कागद हिसकला.

"म्हणजे सरकारात तू मेलीस," ते आक्काला बोलले. "मग हरकत कुणाची? भुताची?" सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. मी कागद ओढायला गेले तर माझ्या थोबाडीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा बापाने हात उचलला माझ्यावर, आणि तो बांधासाठी. आक्काचा चेहरा पांढरा पडला होता. मेलेल्या भावंडांची बहीण म्हणून ती भांडत होती, आणि आता ती कुणाचीच कोण नव्हती.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. आम्ही दोघी धावत गेलो. आक्का करंजाखाली दगडांना पाठ लावून बसली. जेसीबीवाला युपीचा पोरगा, तो थांबला. "सेठ, पहले माताजी को हटाओ."

पप्पांनी तिला दंडाला धरून ओढली. तिने झाड धरलं. त्यांनी तिचा हात पिरगळून सोडवला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मी पप्पांच्या पाठीवर उडी घेतली, मानेला चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्यांनी कोपराने माझं नाक फोडलं आणि मला चिखलात फेकली. "चलाव! चलाव बे!" ते ओरडत होते. पोरग्याने घाबरून मशीन पुढे घेतलं. मशीनचा दात कडेच्या दगडाला लागला, दगड उलटला, मातीचा लगदा वर आला आणि त्यातून एक काळा गुळगुळीत वरवंटा निघाला.

"बघ!" आक्का किंचाळली. "बघ केसरी! मी हाय ती! ह्यो माझ्या जागी पुरलेला! मी मेले न्हाय!"

पप्पांनी वरवंट्याला लाथ मारली. "नाल्यातला धोंडा हाय. आनि त्या चार पोरांचं म्हणशील, तर कुत्र्यांनी कवाच खाल्ली असतील."

हे तो माणूस बोलला. माझा बाप बोलला. आक्काने डाव्या हाताने वरवंटा उचलला. उजवा लोंबत होता. सरळ पुढे आली आणि त्यांच्या कपाळात घातला. पप्पा बसकण मारून खाली बसले. डोळ्यांत, दाढीत, गोफावर सगळं रक्तच रक्त. ती दुसऱ्यांदा मारणार होती. मी धरलं नसतं तर मेलेच असते. खरं सांगते, धरताना माझेही हात लगेच पुढे झाले नाहीत. जेसीबीवाला चावी काढून रस्त्यापर्यंत पळाला.

टाके घालून पप्पा दवाखान्यातून सरळ पोलिसात गेले. संध्याकाळी आम्हाला बोलावणं आलं. आक्काचा हात गळ्यात बांधलेला, माझ्या नाकात कापूस. समोरच्या बाकावर पप्पा पट्टी बांधून, जरासे फुगून बसलेले. हवालदारांनी त्यांची फिर्याद वाचायला घेतली.

"मी केसरीनाथ रामनाथ तरे, राहणार दापोडे, लिहून देतो की आरोपी आक्का ही माझी सख्खी आत्या, माझे आजोबा महादू यांची मुलगी असून, तिने मला जिवे मारण्याच्या उद्देशाने..."

"थांब," आक्का बोलली. "परत वाच."

हवालदारांनी परत वाचलं. माझी सख्खी आत्या. माझे आजोबा महादू यांची मुलगी.

पप्पांचा रंग उडाला. संतापाच्या भरात नातं सांगून बसले होते, जन्मभर सांगत आले तसंच. "साहेब, तेवढी ओळ खोडा. चुकून लिवली."

"सही झाली, शेठ. आता खोडत नाय."

पप्पा कागदावर झेपावले. हवालदारांनी त्यांचा हात पिरगळून परत बाकावर बसवलं. हात दाखवून अवलक्षण! मी नाक दुखेपर्यंत हसले. बांधाचा पंचनामा होणार, पुरलेल्या पोरांचंही त्यात येणार आणि तोवर तिथे कुणी फावडं लावायचं नाही, असं हवालदार बोलले. मग आक्काकडे वळले.

"आजी, गुन्हा मोठा आहे. आत जावं लागेल कदाचित. पूर्ण नाव सांगा."

आधार कार्डावर तिचं नाव नवऱ्याच्या नावाने आहे. मी पर्समधून कार्ड काढत होते. तिने माझा हात दाबला.

"लिव. आक्का महादू तरे. आईचं नाव पुतळाबाई."

ते लिहीत होते आणि ती वाकून पेनाकडे बघत होती. वाचता तिला एक अक्षर येत नाही. लिहून झालं तशी ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली.

"आये, लिवलं गं," ती म्हणत होती. "तुझं पाचवं जित्तं हाय, लिवलं गं आये."