आत्याचं स्वयंपाकघर आणि भाच्याचं नखुर्डं

बस दुरुस्तीच्या वर्कशॉपातली निम्मी माणसं एका दुपारी पोट धरून भिंतीला टेकली, ती भाच्याच्या मदत करण्याच्या हौसेपायी.

भाचा तिथला बिलं करणारा कारकून आणि कॅन्टीनची स्वयंपाकीण त्याची सख्खी आत्या. त्या दिवशी आत्याची मदतनीस आली नव्हती. भाचा बाह्या सरसावून पुढं झाला आणि पावात भरायचे उकडलेले बटाटे नि अंडी त्यानं कुस्करून दिली. बोटाला नखुर्डं झालेलं, आत पू धरलेला. पट्टी आड यायला लागली म्हणून ती काढून टाकली. "पातेलं फ्रीजमध्ये ठेव रे," असं बजावून आत्या भाजी आणायला गेली. फ्रीजमध्ये साहेबांच्या पाहुण्यांच्या सरबताच्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या. पातेलं खिडकीतच राहिलं, उन्हात. जेवणाच्या तोंडावर भाच्याला आठवण झाली. मग त्यानं ते सगळं कढईत घालून वाफा निघेपर्यंत परतलं.

"गरम कशाला केलंस?" आत्यानं आल्या आल्या विचारलं.

"गरम बरं लागतं," भाचा म्हणाला. उष्णतेनं जंतू मरतात, एवढं विज्ञान त्याला शाळेपासून पाठ होतं.

आत्यानं विश्वास ठेवला. तशी ती सहजी विश्वास ठेवणारी बाई नव्हे. वर्कशॉपातल्या माणसांची नावं तिला फारशी ठाऊक नसत. ताटात कोण काय टाकतो त्यावरून ती ओळखे. एक 'कडेवाला', पावाच्या कडा सोडणारा. एक 'मिरचीचोर', शेजाऱ्याच्या ताटातली उचलणारा. वर्कशॉपचे साहेबही तिच्या लेखी 'अर्धा टोमॅटो' होते. परत आलेली ताटं बघितल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. त्या दिवशी मात्र ताटं चाटूनपुसून आली आणि चहाच्या सुट्टीपर्यंत माणसं आडवी झाली. आत्या मीठ-साखरेचं पाणी घेऊन प्रत्येकापाशी बसली. "घे रे कडेवाल्या, एक घोट. माझ्याच हातून झालं बघ काहीतरी."

भाचा मागं तांब्या घेऊन उभा होता. त्यानं पुढच्या माणसाचा पेला भरला.

माणसं सावरली, पण दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या तपासणीस बाई आल्या. त्यांनी सगळ्यांदेखत आत्याला हात पुढं करायला लावले. आधी तळवे, मग नखं. आत्या शाळेतल्या मुलीसारखी हात पसरून उभी राहिली. भाच्याचा हात आपोआप खिशात गेला. कारकुनाचे हात कोण कशाला बघतंय?

"पण मी तर चांगलं तापवलेलं," भाच्याच्या तोंडून निसटलं. मग घाईनं, "म्हणजे, तापवलेलं होतं."

"तापवून जंतू मेले असतील," बाई म्हणाल्या, "पण तोवर त्यांनी विष सोडलेलं असतं. ते एक प्रथिन आहे, महाचिवट. शिजवूनही मोडत नाही. पोटात गेलं की आतड्यातल्या नसा चाळवतं, मेंदूला निरोप जातो, 'ओक'. शिवाय आपल्या रक्षण करणाऱ्या पेशी असतात ना, त्यातल्या दोघींना ते बाहेरूनच धरून एकमेकींना जोडून टाकतं. शत्रूची ओळख पटायच्या आधीच सगळ्या फौजेत बोंबाबोंब."

म्हणजे चाळीतला तो कळलाव्या, भाच्याच्या मनात आलं, ज्याचं कुणाशी काही नसतं, पण दोघांच्या मानगुटी धरून भिडवतो आणि सगळा मजला जागा करतो. त्याला हसू आलं नाही.

"बहुतेक वेळा हे जंतू येतात कुणाच्या तरी हाताच्या जखमेतून," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी साहेबांनी आत्याला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका.

भाचा स्वयंपाकघरात गेला तेव्हा आत्या घासलेलीच पातेली पुन्हा घासत होती. पुढच्या बाईच्या हाती लख्ख द्यायची होती म्हणे.

"आत्या, ते माझ्यामुळं झालं." त्यानं बोट पुढं केलं. पट्टी, खिडकी, कढई, सगळं सांगितलं.

आत्यानं बोट उजेडात धरून पाहिलं. "दुखतंय?"

हे त्याला थोबाडीत बसण्यापेक्षा जास्त लागलं. मग तो बोलतच सुटला. "मला कुठं ठाऊक होतं गं? जंतू तर मीच मारले! पण ते प्रथिनच असलं बेरकी, पेशींना बाहेरूनच धरतं. साहेबही आता रागात आहेत, चार दिवस जाऊ देत, मग मी बघतो कसं सांगायचं ते. आणि खरं बघितलं तर आत्या, दोष कुणाचा? त्या प्रथिनाचाच ना?"

आत्यानं त्याचं बोट सोडलं.

"प्रथिन इथं नोकरीला नाही, तू आहेस, जा साहेबांकडे."