पाडव्याचं धप

चहा घ्या आधी, गार होतोय. एकदा मी सांगायला लागलो की तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडला तर माझी खुर्ची नवी आहे. तर ऐका माझ्या मूर्खपणाची गोष्ट. तसा मी मूर्खपणा बराच केलाय, पण या एकासाठी सोसायटीची सभा भरली होती.

मी दिवसभर आयटीत असतो आणि संध्याकाळी सात ते नऊ कलाकार. म्हणजे लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. वाद्य नाही, वादक नाही, शेजारी बसून नावं ठेवणारं कुणी नाही. स्वारगेटच्या पुढे दोन स्टॉपवर तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यात मी एकटा.

होळीच्या दिवशी मी एक नवा ट्रॅक सुरू केला. माझा एक मित्र आहे, तो यातला मुरलेला. त्याने बजावलं होतं, "एका ट्रॅकला दोन आठवडे. त्याच्यापुढे आपण गाणं करत नसतो, गाण्याला त्रास देत असतो."

मी ऐकलं का? छे. ट्रॅकच्या बुडाशी एक ठोका असतो, धप, धप, धप. त्यावर सगळा डोलारा उभा. मला तो ठोका पटेना. कधी ओला वाटायचा, कधी पोकळ. मार्च गेला, एप्रिल गेला. लॅपटॉपवर फायली साठत गेल्या, धप एक, धप दोन, असं करत मेमध्ये मी धप एकसष्टवर पोचलो. बाकीचं गाणं अजून व्हायचंच होतं.

पण शेजारधर्म पाळायचा म्हणून सगळं हेडफोन लावून, बरं का. टाचणी पडल्याचासुद्धा त्रास कुणाला नको. अशा वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

आणि एक दिवस सोसायटीची नोटीस आली. "इमारतीत रोज सायंकाळी सात ते नऊ ठोकल्यासारखा आवाज येतो. सभासदांनी चर्चेस यावे. चहा मिळणार नाही."

मी गेलो. आमचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात, निवृत्त माणूस, प्रत्येक वाक्य मोजून बोलणार. ते म्हणाले, "बातम्या लावल्या की मागे कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं. आठ वेळा उठून दार उघडलं. बाहेर कुणी नाही. माझा संशय दुसऱ्या मजल्यावर आहे."

दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्या वर आणि माझ्या खाली, नंदाताई राहतात. यवतमाळच्या. दिवसा कारखान्यात पॅकिंगला जातात आणि संध्याकाळी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवतात. लग्नसराई ऐन भरात होती आणि त्यांच्याकडे ब्लाउजांचा ढीग पडला होता.

"माह्या मशीनचा नाही जी थो आवाज," नंदाताई म्हणाल्या. "थो तं वरतून येते."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही आवाजाच्या क्षेत्रातले ना? आपलं काय मत?"

क्षेत्रातले! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं म्हटलं होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला. "ताई, आवाज पाइपातून फिरतो, भिंतीतून चढतो. खालून निघाला तरी वरून आल्यासारखा वाटतो. विज्ञान आहे ते. आणि मी तिसऱ्या मजल्यावर असतो, मला तर काहीच ऐकू येत नाही. म्हणजे आवाज माझ्या खालीच आहे."

बघा, काय तर्क! वकिलांनी शिकवणी लावावी.

मग मीच सुचवलं की प्रयोग करू. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी आणि अध्यक्ष नंदाताईंच्या घरी जाऊन बसलो. मशीन बंद ठेवलं. अर्धा तास आम्ही तिघं भिंतीकडे बघत बसलो. ठोका नाही, काही नाही.

"मशीन बंद, आवाज बंद," मी म्हणालो. "सिद्ध झालं."

"असं कसं," नंदाताई पुटपुटल्या. "रोज तं असते."

त्या संध्याकाळपासून सात ते नऊ शिलाई बंद असं ठरलं. नंदाताईंनी मशीनवर कापड घातलं आणि ढिगातला वरचा ब्लाउज उगाच घडी करून परत ठेवला. मला तेव्हा जरा चुटपुट लागली, नाही असं नाही. पण विज्ञानापुढे माझा तरी काय इलाज होता?

मी वर आलो आणि धप बासष्ट सुरू केलं.

चौथ्या दिवशी मी असाच हेडफोन लावून खुर्चीत मांडी घालून बसलो होतो. डबेवाला येणार म्हणून दार लोटलेलं. ठोका इतका रंगला होता की खुर्चीला बारीक थरथर जाणवत होती. ती थरथर मला दोन महिने जाणवत होती. मला वाटायचं, कला अंगात भिनतेय.

खांद्यावर हात पडला. वळून बघतो तर अध्यक्ष आणि त्यांच्या मागे नंदाताई. मी हेडफोन काढला.

खोलीत आवाज चालूच होता. धप, धप, धप.

टेबलाखाली माझा सबवूफर होता, म्हणजे नुसते जाड ठोके वाजवणारा मोठा स्पीकर. तो काळा खोका बुधवार पेठेतून आणला होता. दुकानदार घरी येऊन वायरी जोडून गेला आणि जाताना म्हणाला होता, "एकदा लावलंय, आता हात लावायचा नाही." मी आज्ञाधारक माणूस. हेडफोन लावला की टेबलावरचे छोटे स्पीकर बंद व्हायचे. पण हा खोका वेगळ्या वायरीवर. तो होळीपासून इमानेइतबारे जमिनीत ठोके घालत होता आणि कान झाकलेला मी सोडून सगळ्या इमारतीला ऐकू जात होता. प्रयोगाच्या दिवशी शांतता का होती? कारण ठोकणारा माणूस खाली बसून भिंतीकडे बघत होता.

अध्यक्षांनी वाकून खोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आवाज पाइपातून फिरतो नाही का."

लाज वाटली हो. खरंच फार लाज वाटली. माझ्यामुळे त्या बाईचं चार दिवसांचं काम बुडालं होतं, तेही लग्नसराईत. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन खाली गेलो आणि माफी मागितली. मशीन पुन्हा धडधडत होतं.

नंदाताईंनी पेढा घेतला. "जाऊ द्या दादा. पन एक विचारू का? पाडव्याच्या टायमाले थे किती चांगलं होतं. त्याच्या ठोक्यावर म्या एका दमात सात ब्लाउज शिवले. मंग बिगडवलं काहून? आता तं ऐकलं का धागाच तुटते."

मी बोटांवर दिवस मोजले. होळीपासून पाडवा म्हणजे बरोबर दोन आठवडे.

वर येऊन त्या दिवसाची फाइल शोधली. धप नऊ. शेजारी मीच लिहिलं होतं, "टाकाऊ". लावून ऐकलं. बाई शंभर टक्के बरोबर होत्या.

मग मी नंदाताईंशी करार केला. अध्यक्षांनी रोज अर्धा तास खोका लावायची लेखी परवानगी दिली. ठरलं असं की ट्रॅक जमला की नंदाताई जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्याने छताला दोन ठोके मारतील. ठोके पडले की मी थांबायचं. पहिला ट्रॅक असा अकरा दिवसांत झाला. मित्राने विचारलं, "इतक्या लवकर कसा रे आटपलास?" मी म्हटलं, तंत्र सापडलंय.

परवा नवीन ट्रॅक सुरू केला. जेमतेम पाच मिनिटं झाली असतील आणि खालून दोन ठोके! पाच मिनिटांत? मी तर हवेतच. तसाच अनवाणी जिना उतरलो आणि म्हटलं, "ताई, इतक्यात जमलं?"

नंदाताई दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जमलं म्हून नाही ठोकलं दादा. बंद करा म्हून ठोकलं."