भाऊजींचं शेवटचं ताट

समोर भरलेलं ताट असताना भाऊजींना काळजी शेवटच्या ताटाची. वडनेरला ताईच्या घरी मी पहिला घास उचलला की ते विचारत, "साळीबाई, उद्या हे जग राहनार नाई असं समज. आज काय खाशीन?" माझा घास हातातच राही. आई लवकर गेलेली. असले प्रश्न मला सोसत नसत. मी कशाचंच नाव घेत नाही म्हटल्यावर ते ताईला म्हणत, "तुयी बहीण उपाशीच जाईन वं."

त्यांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं, ताईच्या हातचा गोळाभात. हरभरा डाळीच्या भरड्याचे गोळे, मोकळा भात, वरून कडकडीत फोडणीचं तेल. कुणाच्या लग्नात पोटभर जिलेबी खाऊन आले तरी उत्तर बदलत नसे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या तपासण्यांसाठी दोघं माझ्याकडे बोरगाव मेघेला राहायला आली. जेवण चार घासांवर आलं होतं. ताई रोज काहीतरी मऊ रांधायची, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या. पण गोळाभात नाही. भाऊजींनी तो दोनदा मागितला. मन होईल ते थोडंथोडं द्या, असं डॉक्टरही म्हणाले होते. ताईने भरड्याचा डबा काढला, झाकण उघडलं, परत लावलं. मला हळूच म्हणाली, "माया हातानं त्यायले ते ताट नाई वाढवत." तिला काय समजावणार? भीती मलाही तीच होती. कॉलेजातून परतताना मी फाटकाशी थांबून आधी वास घेई. फोडणीचा वास आला नाही की जीव भांड्यात पडे.

भाऊजी सगळं ओळखून होते. एका सकाळी त्यांनी खाटेवरूनच ताईला हाक मारली.

"ऐक. मी माया जबाब बदलवला. शेवटचं जेवण म्हंजे आता आंब्याचा रस. आखाजीचा. गोळाभात आता साधा झाला, करून टाक."

तेव्हा पौष चालू होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात. तोवर काही होणार नाही, असा शब्दच जणू त्यांनी दिला. ताईने पदराने डोळे पुसले आणि ती आत गेली. घरभर फोडणीचा वास सुटला. त्यांनी मोजकेच घास खाल्ले, आणि तेल कमी पडलं म्हणून टोमणा मारला, "पेशंट मी हावो, भात नाई."

त्यानंतर गोळाभात पुष्कळदा झाला. महाशिवरात्रीच्या आधी भाऊजी गेले.

आखाजीला मी वडनेरला गेले. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं रस-पोळीचं पान वाढतात. त्याआधी घरात कुणी आंबा चाखत नाही. ताई आंबे पिळत होती. मधेच तिचे हात थांबले.

"त्यायले मालूम होतं," ती म्हणाली, "की हे ताट मी भेवानं चुकवनार नाई."

तिने रस वाढला, त्यावर तूप सोडलं, आणि नेहमीसारखा न विचारता आणखी एक डाव घातला.

मी त्या पानासमोर बसले. भाऊजींचा तो प्रश्न मला अजूनही सोसत नाही. तरी त्या दिवशी मनातल्या मनात मी त्यांना एका पदार्थाचं नाव सांगितलं. कोणता, ते ताईला कळू देणार नाही. कळलं तर ती मला तो पुन्हा कधी करून वाढायची नाही.