दिशाचा नंबर

माझा धाकटा दीर सुबोध चारकोपला आमच्याच सेक्टरमध्ये राहतो. मोबाइलचे टॉवर दुरुस्त करणं ही त्याची नोकरी. कुठे पूर आला, दरड कोसळली, की रजा टाकून तो आणि त्याचे चार इंजिनीअर मित्र बॅगेएवढा छोटा टॉवर घेऊन निघतात. परत आल्यावर फार बोलत नाही. "रेंज देऊन आलो," एवढंच.

गेल्या वर्षी मुलुंडला डोंगराखालच्या वस्तीवर दरड आली. तेव्हा मी डबे घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते.

त्यांची एक रीत आहे. टॉवर लागला की जेसीबी बंद, बोलणं बंद. मग सुबोध बेपत्ता माणसांचे नंबर एकेक करून लावतो आणि सगळे मातीकडे कान लावून उभे राहतात. दीडशे माणसं होती. श्वास ऐकू येत होते.

पाच नंबर बंद लागले. सहावा दिशाचा, एकोणीस वर्षांची पोर. तिची आई सुनंदा माझा हात आवळून उभी होती. तो वाजला. मातीतून काहीच नाही, पण सुबोधच्या स्पीकरवर नीट वाजत होता.

त्याने अँटेना हळूहळू फिरवला. खोदकाम वर चाललेलं, घराच्या जागी. सिग्नल येत होता खालून, सार्वजनिक संडासाच्या मागून.

मुकादम कुंडलिक तडकला. "ओ साहेब, पहाटे दरड आली, पोरगी घरात झोपलेली असणार. खाली उकरत बसलो आणि ती वर मेली तर?"

"आणि खाली असली तर?"

"मशीन चुकत नाही काय तुमची?"

"चुकते ना." सुबोध सुनंदाकडे वळला. "ताई, तुम्हीच सांगा."

तिने खालच्या मातीकडे बोट केलं. "जिथून वाजतोय तिथे खणा, भाऊ."

खणलं. सुबोध पुन्हापुन्हा नंबर लावत होता, तो पुन्हापुन्हा वाजत होता. मी मनात रामरक्षा म्हणत होते. पाऊण तासाने पडलेल्या भिंतीखाली पोकळी लागली. आत दिशा. पाय मोडलेला, पण डोळे उघडे. त्याच क्षणी नंबर बंद झाला.

स्ट्रेचरवर सुबोध तिला म्हणाला, "फोनने वाचवलं गं तुला. कुठाय तो?"

"फोन घरी होता," ती म्हणाली. "चार्जिंगला. मी संडासला आले होते."

दुसऱ्या दिवशी वरच्या ढिगाऱ्यात तो सापडला. मधोमध चिरडलेला, आतलं सिमही मोडलेलं. सुबोधने लॅपटॉप माझ्यासमोर धरला. तो नंबर चव्वेचाळीस मिनिटं टॉवरला जोडलेला दिसत होता.

"वहिनी, रिपोर्टात काय लिहू?"

"पोरगी मिळाली, तेवढं लिही."

दिशा आता लंगडत का होईना, कॉलेजला जाते. जुना नंबर नव्या सिमवर चालू करून देतो, असं सुबोधने सांगून पाहिलं. सुनंदाने हात जोडले. "नको भाऊ. ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे राहू दे."