नानांच्या पाठीवरचे ठिपके

"गोकुळ, हे काय आलंय?"

"तेच तुम्हाला विचारायला आलो, मॅडम."

स्क्रीनवर एका माणसाच्या पाठीचा कणा होता, बाजूने काढलेला. आणि त्याच्यावर पांढरे ठिपके. दोन-चार नाहीत, कुणी मूठभर रवा सांडावा तसे. मी छातीचा फोटो उघडला. तिथेही तेच. फुफ्फुसांवर, बरगड्यांवर, मणक्यांवर, सगळीकडे.

मी रेडिओलॉजिस्ट. धुळ्यात माझं छोटं सेंटर आहे. एक्स-रे काढतो आमचा टेक्निशियन गोकुळ, आणि तो वाचून रिपोर्ट लिहिते मी. एक्स-रे वाचण्याचं मूळ तत्त्व सोपं आहे. किरण ज्यातून आरपार जातात ते काळं दिसतं, जे किरणांना अडवतं ते पांढरं. फुफ्फुसात हवा, म्हणून ती काळी. हाडात कॅल्शियम, म्हणून ते पांढरं. धातू सगळ्यात पांढरा. बाकी आमची सगळी विद्या मधल्या राखाडी रंगात असते.

फोटो नानांचे होते. नाना दोंडाईचाचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. काही महिने पाठ दुखत होती, खोकला होता आणि वजन उतरत चाललं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी छाती आणि पाठ, दोन्हींचा एक्स-रे सांगितला होता. बरोबर मुलगी होती, सुनंदा. आल्या आल्या तिने मला सांगितलं होतं, "मॅडम, रिपोर्ट लवकर द्या. भाऊ सुरतहून गाडी घेऊन निघालाय. काही तसलं असेल तर आम्ही आजच मुंबईला जाणार."

'तसलं' म्हणजे काय ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण आता स्क्रीनवर दिसत होतं ते तसलंच होतं. वयस्क पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात पसरला की मणक्यात पांढरे डाग दिसू शकतात. छातीत पसरला तर तिथेही ठिपके येतात. पाठदुखी, वजन, वय, सगळं जुळत होतं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. ठिपके फारच पांढरे होते. हाडापेक्षा पांढरे, आणि कडा अगदी रेखीव.

"लेप," मी म्हणाले. "दुसरं काही नाही. पाठीला लेप लावलाय त्यांनी."

आमच्याकडे पाठ दुखली की आधी लेप, मग डॉक्टर. लेपात कोण काय कालवेल याचा नेम नसतो. कुणी शेंदूर घालतो. शेंदरात शिसं असू शकतं, आणि शिसं फोटोत झकास पांढरं उमटतं. लेपाने बिघडलेले फोटो पाहून पाहून माझे डोळे सरावलेत. मी तडक बाहेर गेले.

नाना बाकावर ताठ बसले होते. वाकलं की कळ यायची.

"नाना, पाठीला काय लावलंय?"

"काही नही."

"लेप लावला असेल. आठवून बघा, मी रागावणार नाही."

"ताई, मी लेप लायेल नही. माले लेपना वास बी चालत नही."

"मग मलम? तेल?"

"मी खोटं बोलस का? हाई देखा मनी पाठ." त्यांनी शर्ट वर केला. पाठ स्वच्छ दिसत होती. पण लेपाची पूड कातडीच्या सुरकुत्यांत बसते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मी गोकुळला सांगितलं, ओल्या फडक्याने पाठ आणि छाती नीट पूस, कोरडी कर, दुसरा गाऊन दे आणि बाजूचा एकच फोटो परत घे. एक्स-रे उगाच परत काढायचा नसतो, किरण शेवटी किरणच. पण इथे इलाज नव्हता. नाना माझ्याकडे रागाने बघत आत गेले.

दुसरा फोटो आला. ठिपके होतेच, तेवढेच दाट.

"लेप नाही, मॅडम," गोकुळ म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

मीही हो म्हणणार होते. तेवढ्यात सवयीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि खालून मणके मोजायला लागले. पहिल्या फोटोत एका मणक्यावर तीन ठिपक्यांचा झुपका होता. दुसऱ्या फोटोत तोच मणका साफ. त्याच्या वरच्या मणक्यावर मात्र ओळीने ठिपके आलेले, पहिल्या फोटोत अजिबात नसलेले. मी खुर्चीवरून उठले. परत मोजले. पुन्हा तेच.

कुठलाही आजार अर्ध्या तासात एका मणक्यावरून दुसऱ्यावर जात नाही. म्हणजे जे काही होतं ते नानांच्या आत नव्हतंच. मला जो आनंद झाला तो शब्दांत कसा सांगू?

"गोकुळ, हे यांच्या अंगात नाहीये."

"मग मशीनमध्ये?"

प्रश्न रास्त होता. किरण टिपणाऱ्या प्लेटवर कचरा बसला तरी ठिपके येतात. पण मग ते दर फोटोत एकाच जागी यायला हवेत. तरीही आम्ही टेबलवर कुणीही नसताना एक फोटो घेतला. एकही ठिपका नाही. माणसात नाही, मशीनमध्ये नाही. दोघांच्या मध्ये उरलं काय?

"गाऊन," मी म्हणाले. "तो गाऊन टेबलवर ठेव. एकटा."

पुढचं चित्र मी जन्मात विसरणार नाही. काळ्या पडद्यावर गळा, बाह्या, नाड्यासुद्धा, पूर्ण गाऊन ठिपक्यांनी काढलेला. मी टाळ्या वाजवल्या. गोकुळ तर हसायलाच लागला. कपाटातून आणखी एक गाऊन काढून ठेवला, त्यातही तेच. अख्खा गठ्ठा बाजूला काढला. नशीब एवढंच की त्या गठ्ठ्यातला गाऊन घालणारे नाना पहिलेच होते.

आता सुती गाऊनमध्ये धातू आला कुठून? याचं उत्तर मला लगेच सुचलं, कारण असला उद्योग करणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे.

दिनेश माझा शाळेतला मित्र. जळगावला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, पिंप्राळ्यात राहतो आणि नॅनोमटेरियल्सवर संशोधन करतो. नॅनोमटेरियल म्हणजे केसाच्या जाडीत हजारो मावतील इतक्या बारीक कणांचा पदार्थ. त्याचा ध्यास असा: एक्स-रे काढणाऱ्याला शिशाचा एप्रन घालावा लागतो, तो इतका जड की गोकुळची मान कायम आखडलेली. त्याऐवजी साध्या सुती कापडावर बिस्मथ या धातूचे नॅनोकण चढवायचे. बिस्मथ शिशासारखाच किरणांना अडवतो, पण शिशाइतका विषारी नाही, पोटाच्या औषधातसुद्धा वापरतात. अडचण एकच. कापड धुतलं की कण निघून जायचे. म्हणून त्याने एक तुकडा माझ्याकडे ठेवला होता. तो वेगळा धुवायचा, दर धुण्यानंतर त्याचा एक्स-रे घ्यायचा आणि पांढरेपणा किती उतरला ते त्याला कळवायचं.

मी मंगलाअक्कांना बोलावलं. सेंटरचं धुणं त्याच बघतात.

"अक्का, दिनेशसरांचं कापड वेगळं धुतलं होतं ना?"

"येगळंच धुयं. त्यानं पानी बी फेकी दिधं."

"मग गाऊनला कसं लागलं?"

अक्कांनी थोडा विचार केला. "कांजीमा बुडायं व्हतं."

"त्या कापडाला कांजी केली?"

"बठ्ठा कपडासले कांजी लावतस ना आपन? मंग त्यालेच काबर नही लावानी? आन तीच कांजी मंग गाऊनले लाई. चांगली कांजी कोन फेकस?"

सगळ्या कपड्यांना कांजी, मग त्यालाच का नाही, हे अक्कांचं बरोबरच होतं. गाऊनला कांजी करण्याचा नियम माझाच. लोळागोळा गाऊन घालून पेशंट उभा राहिला की मला तो आणखीच आजारी वाटतो, म्हणून माझ्याकडचे गाऊन कडक असतात. साबुदाण्याची कांजी, घरी करतात तशी. ती कांजी कुणी फेकत नाही हेही मला ठाऊक होतं. त्या कापडातले सैल कण कांजीत उतरले, चिकट कांजीत एकमेकांना धरून त्यांच्या गुठळ्या झाल्या आणि गाऊनवर वाळल्या. सुटा नॅनोकण एक्स-रेला कधीच दिसला नसता. गुठळी दिसली.

मी दिनेशला फोन लावला. "तुझा बिस्मथ माझ्या पेशंटच्या मणक्यात दिसतोय. गाऊनला लागलाय."

त्याने आधी विचारलं, "किती पांढरा?"

"दिनेश."

"नाही, म्हणजे पेशंट बरा आहे ना? गाऊन झटकले का? वाळल्यावर झटकले तरी आहे?"

"आहे. कांजीला चिकटून बसलाय."

"कशाची कांजी? साबुदाण्याची की मैद्याची?"

"साबुदाण्याची."

"निघालो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

इकडे माझं खरं काम बाकीच होतं. नानांना काय झालंय? गोकुळने त्यांना त्यांच्याच साध्या बनियनवर उभं केलं आणि छातीचा एक, पाठीचा एक फोटो घेतला. या वेळी फोटो लख्ख आले. मी नाक स्क्रीनला लावून बसले.

आणि ते दिसलं. दोन शेजारशेजारच्या मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा कुरतडल्यासारख्या. त्यांच्यामधली गादी जवळजवळ गेलेली. बाजूला एक फिकट फुगीर सावली, साचलेल्या पुवाची असावी अशी. छातीत वरच्या बाजूला एक धूसर डाग. मघाशी ठिपक्यांच्या गर्दीत मी हे पाहिलंच नव्हतं. कॅन्सर बहुधा मणका खातो आणि गादी सोडून देतो. गादीसकट दोन मणके खाणारा म्हणजे टीबी. मणक्याचा टीबी वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर पाय जातात. नाना स्वतःच्या पायांनी चालत आले होते.

मी धावतच बाहेर गेले. माझ्या हातात तो गाऊन तसाच होता हेही मला कळलं नाही.

"सुनंदा, मला टीबी वाटतोय. मणक्याचा. एमआरआय करावा लागेल, सुईने नमुना घेऊन तपासावा लागेल, तेव्हा खात्री होईल. पण मला टीबीच वाटतोय."

"म्हणजे ते दुसरं नाही?"

"त्याची एकही खूण मला दिसत नाही."

ती बाकावर बसली आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. टीबी आहे म्हणून एवढं आनंदलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

नाना मात्र चिडले होते. "पोरले काय सांगतस? माले काय व्हयेल शे ते मालेच सांगा."

मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. टीबी, औषधं, पट्टा, आराम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आन ते ठिपका?"

ठिपक्यांची गोष्टही सांगितली. एप्रन, बिस्मथ, कांजी. नानांनी माझ्या हातातला गाऊन घेतला, चोळून पाहिला आणि परत दिला.

"म्हंजे लेप तुमीच लायेल व्हता," ते म्हणाले.

गोकुळ पाठमोरा होऊन हसला. मी नानांची माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण घाई केली नाही.

दुपारी दिनेश पोचला. माझ्याशी दोन शब्द न बोलता त्याने गाऊनचा फोटो मागितला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. महागडी रसायनं वापरूनही कापडावर न टिकणारे कण साबुदाण्याने धरून ठेवले होते. त्याने मंगलाअक्कांना कांजीची कृती विचारली, पाणी किती, शिजवायची किती, गार कधी करायची. अक्का प्रत्येक उत्तराच्या आधी माझ्याकडे बघत होत्या, याचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. जाताना त्याने सगळा गठ्ठा उचलला. मी दिलाही, कारण ते गाऊन आता माझ्या काय कामाचे?

सुरतहून आलेली गाडी मुंबईला गेली नाही, एमआरआयला गेली. नमुन्यात टीबीच निघाला. नानांची सरकारी औषधं सुरू झाली. दिनेशच्या अडचणी अजून आहेत, कांजी पाण्यात विरघळते हे काही नवीन नाही. ती विरघळू नये म्हणून तो स्टार्चवर प्रक्रिया करतोय. नवं कापड आधीच्या मानाने बरंच टिकतं, पण गोकुळच्या खांद्यावर अजून शिशाचाच एप्रन आहे आणि त्याची कुरकुरही.

औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावर नाना परत आले. या वेळी ते बाकावर आरामात टेकून बसले होते. गोकुळने बिनकांजीचा गाऊन पुढे केला, नानांनी तो नाकारला आणि बनियनवर उभे राहिले. फोटोत ते दोन मणके एकमेकांना जुळत आले होते आणि त्यांच्या कडांवर पांढरी रेघ आली होती. ते नवं, घट्ट हाड होतं, नानांनी स्वतः भरलेलं. मी ती रेघ त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "आते मी गाडी चालाडू का?"

शिकायला येणाऱ्या मुलांना मी तेव्हापासून एवढंच सांगते, की फोटोत काही विचित्र दिसलं तर पेशंटला दोष द्यायच्या आधी त्याने अंगात काय घातलंय ते बघा. विशेषतः ते तुम्हीच घालायला दिलेलं असेल तर.